शेळीच्या तोंडची तूर

शेतकी खात्यातून निवृत्त झालो म्हटलं की लोक मला गुलाबाबद्दल विचारतात. कळ्या का गळतात, पानं का आकसतात, कुंडीत चहाचा चोथा टाकावा की नाही. मी आयुष्यात एकाही गुलाबाच्या वाटेला गेलेलो नाही. माझा संबंध तुरीशी, हरभऱ्याशी, ज्वारीशी, आणि तोही त्या आजारी पडल्यावर. डॉक्टरकडे रोगी चालत येतो. माझे रोगी जागचे हलत नसत, म्हणून मलाच सायकलवर टांग टाकून त्यांच्याकडे जावं लागे. शिवाय डॉक्टरला निदान रोगी बरा व्हावा असं वाटत असतं. माझ्या नोकरीतली ऐन उमेदीची वर्षं मी एका रानातला रोग नीट टिकून राहावा या खटपटीत घालवली. ते कसं, ते सांगतो.

काळ लढाईचा. साखर, रॉकेल, कापड, सगळ्याला रांग. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून बाहेर पडून मी नगरला पिकांच्या रोगांचा असिस्टंट म्हणून रुजू झालो. हुद्दा ऐकायला भारदस्त होता. प्रत्यक्षात एक सायकल, एक भिंग, एक चाकू आणि नमुने ठेवायला पत्र्याची पेटी एवढाच सरंजाम. अंगात खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर सोला हॅट. हा वेष तंतोतंत देवी डॉक्टरचा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. देवी डॉक्टर म्हणजे गावोगाव फिरून पोरांच्या दंडावर देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. त्याला पाहिलं की अख्खं गाव दारं लावून घेई.

नेवासे तालुक्यात, प्रवरेपासून जरा आत, एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथे आता दिवाळी अंक जातात. त्या गावात मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा वेशीपाशी खेळणारी पोरं माझी पेटी बघताच शेजारच्या बाजरीत दिसेनाशी झाली. एक म्हातारी काठी टेकत पुढे आली.

"लेकरं न्हाईत गावात," ती म्हणाली. "समदी मामाच्या गावाला गेलीत."

"सगळी?"

"व्हय, समदी."

बाजरीतून कुणीतरी शिंकलं. म्हातारीने तिकडे बघितलंही नाही. तेवढ्यात पारावरचा एक आजोबा मोठ्या मनाने उठला, सदऱ्याची बाही वर केली आणि दंड पुढे करून म्हणाला, "टोचा मला, आन जावा बाबा."

मी पोरांसाठी नाही, पिकांसाठी आलोय, हे पटवायला बराच वेळ गेला.

"म्हंजी पिकाला टोचनार?" आजोबांनी विचारलं.

"पिकाला टोचता येत नाही, आजोबा."

"मंग आलास कशाला?"

इतका रोखठोक प्रश्न मला पुढे खात्यातल्या एकाही वरिष्ठाने विचारला नाही.

आम्ही अगदीच निरुपयोगी होतो असं मात्र नाही. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, तिला काणी म्हणतात. पेरणीआधी बियाण्याला गंधकाची पूड चोळली की काणी येत नाही. मी त्या गावात गंधकाच्या पुड्या फुकट वाटल्या. पुढच्या हंगामात जाऊन पाहतो तर ज्वारीत काणी होती तशीच. पण पोरांची खरूज साफ गेलेली. बायकांनी गंधक खोबरेल तेलात कालवून पोरांना चोळला होता. शेताचं नाव घेऊन दिलेलं औषध आधी लेकरांना लावून बघायचं, हा त्यांचा हिशेब मला फारसा चुकीचा वाटला नाही. मी अहवालात 'पुडीचा पूर्ण वापर झाला' असं लिहिलं आणि ते खरंच होतं.

पण माझं खरं काम तुरीवर होतं. तुरीला मर नावाचा रोग आहे. झाड कमरेएवढं होतं, फुलायला लागतं आणि एके दिवशी मान टाकतं. पानं पिवळी पडतात, लोंबतात, वाळतात. जमीन ओली असली तरी झाड तहानेने मेल्यासारखं दिसतं. शेतकरी पाणी घालतो आणि ते आणखी लवकर मरतं. कारण रोग मातीत असतो. बुरशी मुळातून आत शिरते आणि ज्या नळ्यांतून पाणी वर चढतं त्या नळ्यांतच बिऱ्हाड करते. मेलेलं झाड उभं चिरलं की आत काळी रेघ दिसते. ही बुरशी एकदा रानात शिरली की वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसते, आणि तिला मातीतून हाकलणारं औषध तेव्हा आमच्याकडे नव्हतं.

मग उरतं काय? तर स्वतःची राखण करणारं झाड शोधणं. शेकड्यांत असं एखादं झाड असतं, की शेजारची सगळी मेली तरी ते उभं राहतं. पण कुठलं झाड खरं लढाऊ आणि कुठलं नुसतं नशीबवान, हे चांगल्या रानात कळत नाही. त्यासाठी पार नासलेलं रान लागतं. तिथे पुण्याहून आलेली वेगवेगळी बियाणी पेरायची, मरतील ती मरू द्यायची आणि उरेल त्याचं बी धरायचं. त्यामुळे जिल्ह्यातलं सगळ्यात वाईट रान शोधणं हे माझं पहिलं सरकारी काम होतं.

ते काम किती अवघड, याची पुण्यात कुणाला कल्पना नव्हती. आलेल्या पाहुण्याला आपलं वाईट रान दाखवेल असा माणूस नगर जिल्ह्यात जन्मायचा होता. मी म्हणायचो, "तुमचं सगळ्यात खराब शेत दाखवा." यजमान मला थेट विहिरीकडे न्यायचे, उसात फिरवायचे, मोसंबी सोलून हातावर ठेवायचे. रोगाचं नाव काढलं की चेहरे पडायचे.

"आमच्यात रोग न्हाई. भावकीत बघा," एक पाटील म्हणाले.

भावकीत गेलो. भावकीने पाटलांकडे बोट दाखवलं. रोग सगळ्या तालुक्यात होता आणि कुणाच्याही रानात नव्हता.

शेवटी त्याच गावात, दंड पुढे करणाऱ्या त्याच आजोबांनी मला वाट दाखवली. "तात्याबाकडं जा. त्याच्या रानाला मसनवटी म्हंत्यात. तिथं तूर जगली तर माजी मिशी काढंन."

तात्याबाची थोरल्या भावाशी वाटणी झाली, तेव्हा भावाने विहिरीकडची जमीन घेतली आणि ओढ्यापलीकडची मसणवटी याच्या पदरात टाकली. त्यातला खालचा पट्टा ज्वारी देई, पण वरच्या पट्ट्यात वडील तूर पेरत म्हणून हाही पेरी आणि दरवर्षी उभं पीक वाळलेलं बघे. गावात त्याची थट्टा चाले. बी पेरताना सुतक धरतो का, असं लोक त्याला विचारत. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, हडकुळा माणूस. मी गेलो तेव्हा तो वस्तीवर, म्हणजे रानातल्या त्याच्या छपराच्या घरासमोर, दोरखंड वळत बसला होता.

"तात्याबा, मला तुमचं रान हवंय," मी म्हणालो. "प्रयोगाला."

"कंचं?"

"वरचा पट्टा."

त्याच्या हातातला दोर थांबला. "मसनवटी? माजीच?"

"तुमचीच. सगळ्या जिल्ह्यात हिंडलो. इतकं वाईट रान दुसरं नाही मिळालं."

तो झटक्यात उठला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "सरू! भायेर ये! मास्तर काय म्हंत्यात ऐक! समद्या जिल्ह्यात आपलंच रान पास झालं!"

सरूबाई, म्हणजे त्याची बायको, पदराला हात पुसत बाहेर आली. तिने मला पायापासून हॅटपर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "आदी त्येन्ला पानी तरी इचारा. ऊन लागलं आसंल."

माझी अट ऐकून तात्याबाही बुचकळ्यात पडला. शहाणा शेतकरी तुरीच्या जागी पुढच्या वर्षी ज्वारी-बाजरी घेतो, तुरीत मिश्र पीक घेतो, म्हणजे रोग आटोक्यात राहतो. मला नेमका उलटा प्रकार हवा होता. तुरीवर तूर, नुसती तूर, आणि आधीच्या वर्षाची मेलेली मुळं तिथेच गाडलेली.

"ह्ये तर आडानी बी करनार न्हाई," तो म्हणाला. "गावात म्हंतील, सरकारनं मानूस धाडला, तो बी वाईट शेती शिकवाया."

तसं गावात म्हणालेच. पण तात्याबाने पेरलं. वडिलांपासून जे रान थट्टेचा विषय होतं ते कुणालातरी मुद्दाम हवं होतं, याचंच त्याला अप्रूप होतं.

पुण्याहून चिठ्ठ्या लावलेल्या कापडी पिशव्यांतून बियाणं आलं. एकेका पिशवीची एकेक ओळ. भाद्रपदापर्यंत सगळ्या ओळी अशा डौलात उभ्या होत्या की मी हबकलो. रोग गेला की काय! मग फुलोरा आला आणि झाडं मान टाकू लागली. मी ओळीओळीतून फिरताना आनंद लपवत नसे. एखादं मेलेलं झाड चिरून आत काळी रेघ सापडली की माझा चेहरा फुलायचा. बांधावरून जाणारे लोक थांबून बघत. मास्तर मयतीत हसतंय, अशी कुजबुज गावभर झाली. सरूबाईला मात्र माझी दया यायची. मी रानातून आलो की ती मुकाट्याने गुळाचा चहा पुढे ठेवायची, घरात काही वाईट घडल्यावर माणसाला देतात तसा.

मार्गशीर्ष लागेतो ओळीमागून ओळी वाळल्या. फक्त ओढ्याकडच्या शेवटच्या ओळीत मोजकीच झाडं हिरवी उभी होती. त्यांच्या दोन्ही बाजूंचे शेजारी मेलेले, माती तीच, मुळं एकमेकांत गुंतलेली, तरीही ही शेंगा धरत होती. गावात मुक्कामाला असलो की मी रोज जाऊन बघे. तात्याबाही येई.

"ही का जगली, मास्तर?" त्याने एकदा विचारलं. "ह्यान्ला कुनी टोचलं?"

मी बांधावर बसून जमेल तसं सांगितलं. बुरशी सगळ्यांच्याच मुळात शिरते. झाडाला पाय नाहीत, पळता येत नाही. जिथे आहे तिथेच लढावं लागतं. गव्हाच्या पानावर तांबेरा पडतो तेव्हा तगडं वाण काय करतं, तर रोग जिथे टेकला तेवढाच पानाचा ठिपका स्वतः जाळून टाकतं. बुरशीला जिवंत पान लागतं, मेलेल्यात ती उपाशी मरते. तुरीची तऱ्हा निराळी. शत्रू पाण्याच्या नळीतून वर चढू लागला की झाड त्याच्या पुढे जाऊन नळीत डिंक भरतं, आतून फुगे फुगवून नळी बुजवून टाकतं. ती नळी जाते. पण बाकीच्या नळ्यांतून पाणी चालू राहतं आणि झाड जगतं.

"म्हंजी येस लावून घेतं म्हना की," तात्याबा म्हणाला. दरोडेखोर आले की पूर्वी गावाच्या वेशीचे दरवाजे लावून घेत, ते त्याने वडिलांकडून ऐकलं होतं.

"अगदी तसंच."

"मंग ती मेलेली? त्येन्ला येस न्हवती?"

"होती. त्यांनीही लावली. पण उशिरा."

"मास्तर," तो म्हणाला, "बापाच्या वक्तापास्नं ह्या रानात तुरीचं एक झाड म्हातारं झाल्यालं बघितलं न्हाई. समदी तरनीताठी गेली. एक तरी पिकून वाळल्यालं बघू द्या मला." आणि मला पहिल्यांदाच माझ्या त्या मयतीतल्या हसण्याची लाज वाटली.

अशात पुण्याहून निरोप आला की मोठे साहेब प्रयोग पाहायला येत आहेत. लढाईमुळे खर्चाची कात्री लागली होती. ज्या प्रयोगातून काही निघत नाही तो बंद करायचा, असा साहेबांचा दौरा होता. मी तात्याबाला सांगितलं, सोमवारी साहेब येणार, त्यांना ही झाडं दाखवायची, त्यांनी मान डोलावली तर पुढच्या वर्षी यांचं बी याच रानात पेरायचं. शेंगा विकायच्या नाहीत, मळायच्या नाहीत, हे तर मी पहिल्या दिवसापासून बजावत होतो. पाहुण्याला खाऊ घालायच्या नाहीत, हे मी सांगितलं नाही. आमच्या जिल्ह्यात असं कुणी कुणाला सांगत नसतं.

सोमवारी मी साहेबांबरोबर नगरहून त्यांच्या मोटारीतून निघालो. पेट्रोल मिळत नसल्याने मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसवलेली. दर चढावर उतरून भट्टी ढोसावी लागे. साहेब अंगाने भरदार, मनाने दिलदार, आणि खाण्याचे शौकीन. सगळ्या असिस्टंटांना ते "अहो असिस्टंट" अशीच हाक मारत. वस्तीवर पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर आली होती, साहेबांचे कपडे काळे झाले होते आणि त्यांना सपाटून भूक लागली होती.

बाभळीच्या सावलीत तात्याबाने घोंगडी अंथरली होती. अंगण सारवलेलं. चूल धडधडत होती आणि पातेल्यातून खमंग वास येत होता. सरूबाईने साहेबांपुढे मोठी परात ठेवली. मीठ घालून उकडलेल्या शेंगा, वाफाळत्या.

"आधी प्रयोग पाहावा," मी सुचवलं.

"प्रयोग कुठे पळत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी पहिली शेंग दातांत धरून ओढली. मग दुसरी. "अहो असिस्टंट! उत्कृष्ट! दाणा काय भरलाय! आणि गोडी बघा. घ्या की."

"माझा सोमवार आहे."

"अरेरे," साहेब खऱ्या कळवळ्याने म्हणाले आणि माझ्या वाट्याच्याही आपल्याकडे ओढल्या. तात्याबा हात बांधून कौतुकाने बघत उभा होता. साहेबांची परात रिकामी होत आली की सरूबाई पातेल्यातून आणखी वाढे. शेवटी टरफलांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला तेव्हा साहेब तृप्त होऊन उठले आणि आम्ही रानाकडे निघालो.

रान पाहून मी जागीच थिजलो. सणाआधी आपण देवघर घासूनपुसून ठेवतो ना, तसं ते रान लखलखीत होतं. एकही मेलेलं झाड नाही. ओळीच्या ओळी कोऱ्या. एक काडी नाही, एक पान नाही. नुसती साफ माती, आणि ओढ्याकडच्या टोकाला, कापलेले काही हिरवे खुंट.

साहेबांनी हॅट मागे सरकवली. "इथे तर उगवणच झालेली नाही. पेरणी कुणी केली? अहो असिस्टंट, याला रोग म्हणत नाहीत. याला निष्काळजीपणा म्हणतात."

"तात्याबा," मी विचारलं, "मेलेली झाडं कुठे आहेत?"

"काल दिसभर उपटीत हुतो," तात्याबा अभिमानाने म्हणाला. "पावनं येनार, आन दारात मढी कशाला मांडून ठिवायची?"

"पण टाकली कुठे?"

"टाकतोय कशाला? चुलीला लावली. तुराटी लई चांगली पेटती."

मी धावलो. माझ्या आयुष्यात मी इतका कधी धावलो नाही. पुरावा चुलीत होता. अर्धी जळलेली तुराटी मी हाताने ओढली, बोटं भाजली, ती मातीत विझवली आणि साहेब धापा टाकत येईपर्यंत चाकूने उभी चिरली. आत काळी रेघ होती. दुसरी ओढली. तिच्यातही. सरूबाई आपली चूल अशी विस्कटणाऱ्या माणसाकडे आ वासून बघत होती. साहेबांनी भिंग लावलं. रेघ पाहिली, पुन्हा पाहिली, आणि त्यांचा चेहरा पालटला. कारण माणूस खवय्या असला तरी विषयातला पक्का होता.

"मर," ते म्हणाले. "अस्सल मर. सगळ्या ओळी गेल्या?"

"शेवटची सोडून."

"म्हणजे इतक्या रोगट रानात एक ओळ उभी राहिली?" साहेबांनी माझा खांदा धरला. "अहो असिस्टंट, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? ही तूर वर्षानुवर्षं शोधतोय आपण! बी कुठे आहे तिचं?"

मी तात्याबाकडे बघितलं. तात्याबाने हात जोडले.

"आता तुमीच खाल्लं की, सायेब."

साहेबांनी परातीकडे पाहिलं. टरफलांच्या ढिगाकडे पाहिलं. पातेल्यात वाकून पाहिलं. त्यात मिठाचं पाणी होतं.

"सायबाची तूर सायबालाच पयली घालावी म्हनून," तात्याबा अडखळत म्हणाला. आपलं काहीतरी फार मोठं चुकलंय एवढं त्याला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. "मास्तर म्हनले विकू नगा. म्या विकली न्हाई. शपथ."

जाणकार वाचक म्हणतील, झाडं पुन्हा फुलली असती. खुंट फुटलेही थोडे, पण ओल संपली होती आणि त्या आठवड्यात पडलेल्या थंडीने ते गेले. त्यामुळे जे काही बी होतं ते त्या दिवशी तोडलेल्या शेंगांतच. मी चुलीशेजारी मटकन बसलो. माझ्या नोकरीचं तर सोडाच, पण एक झाड म्हातारं झालेलं बघायचं म्हणणाऱ्या माणसाच्याच घरी ते उकडून निघालं होतं, आणि तेही त्याच्याच चांगुलपणामुळे. साहेब तर बिचारे असे उभे होते, की जणू आता कुणीतरी त्यांच्या पोटाला हात लावून 'परत करा' म्हणेल.

"समद्या न्हाई उकडल्या," सरूबाई म्हणाली.

आम्ही तिघांनी एकदम माना वळवल्या.

"निबर व्हत्या त्या कशा सायबाला घालायच्या? दात लागत न्हाई त्येन्ला. त्या बाजूला काढल्या."

"कुठे आहेत?"

"शेळीला टाकल्या."

निबर शेंगा! पिकत आलेल्या, दाणा घट्ट झालेल्या, बियाला नेमक्या लागतात त्या! मी उठेपर्यंत साहेब निघालेही होते. एवढा मोठा माणूस, पण गोठ्यापर्यंत ते माझ्या पुढे होते. हॅट वाटेत पडली ती तात्याबाने उचलली. गोठ्यात पांढरी शेळी बांबूच्या डालीत तोंड घालून शांतपणे रवंथ करायच्या बेतात होती. साहेबांनी डाल ओढली. शेळीने ती आपली समजून तोंडाने धरून ठेवली. साहेब इकडून ओढतायत, शेळी तिकडून, आणि दोघांच्याही डोळ्यांत तोच निर्धार. शेवटी मी तिचे कान धरले, तात्याबाने जबडा उघडला आणि तिच्या तोंडात अर्धी गेलेली एक डहाळी साहेबांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढली.

डालीत पाला होता, देठ होते, आणि तळाशी काही शेंगा. आम्ही चौघं गोठ्यात गुडघ्यावर बसून लेंडकांतून शेंगा वेचत होतो. सगळं मिळून मूठभर.

"जे तिनं खाल्लं," तात्याबाने दबकत विचारलं, "त्ये उद्या सकाळच्याला पडंल की खाली. धुऊन घिऊ का?"

साहेबांनी यावर खरोखर विचार केला. "शेळी चावून खाते," ते गंभीरपणे म्हणाले. "दाणा राहत नाही. म्हशीचं निराळं." मग रुमाल काढून त्यात शेंगा बांधल्या, गाठ मारली, आणि रुमाल माझ्याकडे न देता सरूबाईच्या हातात ठेवला. "बाई, हे सुकवा. आणि मी जरी पुन्हा आलो आणि मागितलं, तरी मला खायला देऊ नका."

प्रयोग चालू राहिला. पुढच्या मृगात तात्याबाने ते बी त्याच रानात, आदल्या वर्षीची उरलीसुरली मुळं गाडून, पेरलं. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. चोरांसाठी नव्हे, स्वतःच्या शेळीसाठी. मधे मधे बाजारातली साधी तूर पेरली होती. फुलोऱ्यात ती सगळी मेली. शेळीच्या तोंडून काढलेल्यांपैकीही थोडी गेली. बाकीची उभी राहिली. त्यांनी शेंगा धरल्या, शेंगा पिकल्या, पानं झडली, आणि पौष सरता सरता ती वाऱ्यावर खुळखुळ वाजू लागली. तात्याबा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन तो खुळखुळाट ऐके. दंड पुढे करणाऱ्या आजोबांनी मात्र मिशी काढायला साफ नकार दिला. पैज तुरीवर होती, शेळीच्या तुरीवर नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

खात्याने त्या वाणाला एक नंबर दिला. तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. ओळखीपाळखीने बी पंचक्रोशीत पसरलं आणि सगळीकडे तिला शेळीची तूर म्हणू लागले. फार वर्षं टिकली ती. मग बुरशीनेच नवी चाल शोधली, आणि वाणही आपसांत मिसळून पातळ झालं. माझ्या धंद्यातली हीच खंत आहे. आपण झाडाला एक वेस मिळवून द्यावी, तोवर शत्रूने दुसरी वाट पाडलेली असते. नवीन मुलं आता नव्या वेशी शोधतायत. शोधोत.

मी त्या तुरीचा दाणा मात्र कधी तोंडात घातला नाही. आधी बी कमी म्हणून, नंतर सवय म्हणून. कुणी ताटात शेंगा वाढल्या की मला ती परात आठवे आणि साहेबांचा राग येई. चांगला माणूस, पण ती शेवटची मूठ तरी विचारून खायची!

निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम त्या गावी गेलो. तात्याबा जाऊन काही वर्षं झाली होती. सरूबाई थकली होती, पण मला तिने लगेच ओळखलं. ओढ्यापलीकडच्या त्या रानाला आता कुणी मसणवटी म्हणत नव्हतं. कुंपणाच्या कोपऱ्यात तिने शेळीच्या तुरीची चार झाडं जपून ठेवली होती. थोड्या वेळाने तिने माझ्यापुढे ताटली ठेवली. उकडलेल्या शेंगा, वाफाळत्या. मग चटकन ताटली परत मागे ओढली आणि विचारलं, "मास्तर, ह्या खायाच्या का ठिवायच्या?"

त्या वर्षापासून तुरीची शेंग चुलीवर घालण्याआधी ती घरातल्या प्रत्येकाला हेच विचारत आली होती, असं तिच्या सुनेने सांगितलं. तात्याबा असतानाही. तो दरवेळी म्हणे, "मास्तर आलं म्हंजी इचार."

"बी ठेवलंय ना?" मी विचारलं.

"डबा भरून हाय."

"मग खायच्या, सरूबाई."

तिने ताटली पुढे केली. माझे डोळे भरून आले होते, म्हणून पहिली शेंग मी नुसती हातात धरून बसलो. मग दातांत धरून ओढली. दाणा टपोरा होता, आणि गोडी अशी की मी ताटली संपेपर्यंत मान वर केली नाही.

साहेबांचं काहीही चुकलं नव्हतं.